प्रबंधलेखन
प्रबंधलेखन : एखाद्या अभ्यासविषयासंबंधी गोळा केलेली माहिती, तिची चिकित्सा आणि तीवरून निघणारे निष्कर्ष यांची ठराविक क्रमाने व पुराव्यासह केलेली लेखी मांडणी. महाविद्यालयीन स्वाध्याय, चर्चासत्रासाठी लिहिलेले टिपण, प्रकल्पाचा अहवाल, पदव्युत्तर परीक्षेसाठी सादर करावयाचा लघुप्रबंध आणि विद्यावाचस्पती (पीएच्.डी.) पदवीसाठीचा प्रबंध हे या लेखनाचे चढत्या श्रेणीतील प्रकार होत. त्यांच्या विस्तारात मोठा फरक असला, तरी रचनेची तत्त्वे बव्हंशी एकच आहेत. दहा पृष्ठांच्या स्वाध्यायातही प्रश्न, पुरावा, युक्तिवाद आणि निष्कर्ष हे चार घटक असावे लागतात.

ललित निबंधात लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाला व शैलीला प्राधान्य असते. त्यातील विधानांचा पडताळा घेण्याची वाचकाला गरज भासत नाही. प्रबंधाचे तसे नाही. त्यातील प्रत्येक महत्त्वाचे विधान कशाच्या आधारे केले आहे, हे वाचकाला कळले पाहिजे आणि इच्छा असल्यास त्या आधारापर्यंत त्याला स्वतः पोहोचता आले पाहिजे. शीर्षके, तळटीपा, सूची, पृष्ठांक इ. बाह्य संकेत या एकाच गरजेतून निर्माण झाले आहेत. हे ध्यानात न घेता पाळलेले नियम निरर्थक सोपस्कार ठरतात. ध्यानात घेतल्यास बहुतेक नियमांचे कारण आपोआप उलगडते.

इतिहास : शास्त्रीय ग्रंथाच्या रचनेचा विचार भारतात प्राचीन काळापासून झालेला आहे. ग्रंथाच्या आरंभी त्याचा विषय, प्रयोजन, अधिकारी (ग्रंथ कोणासाठी आहे) व संबंध या चार गोष्टी स्पष्ट कराव्यात, असा संकेत होता. त्यास ‘अनुबंधचतुष्टय’ म्हणत. पूर्वमीमांसेत एकेका प्रश्नाची चर्चा ‘अधिकरण’ या घटकात केली जाई व त्याची विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती अशी पाच अंगे मानली जात. प्रतिपक्षाचे मत त्याच्या पूर्ण सामर्थ्यानिशी आधी मांडावे आणि मगच त्याचे खंडन करावे, ही शिस्त त्यातून दृढ झाली. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पंधराव्या व अखेरच्या अधिकरणात ग्रंथरचनेच्या ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांपैकी ‘विधान’ म्हणजे प्रकरणांचा अनुक्रम, ‘अपदेश’ म्हणजे दुसऱ्याच्या मताचा त्याच्या नावे केलेला निर्देश आणि ‘स्वसंज्ञा’ म्हणजे ग्रंथकाराने स्वतः योजलेली परिभाषा होय. आजच्या प्रबंधातील अनुक्रमणिका, संदर्भ व पारिभाषिक संज्ञांचे स्पष्टीकरण यांच्याशी या युक्तींचे साम्य उघड आहे.

यूरोपात मुद्रणाच्या प्रसारानंतर पृष्ठाच्या तळाशी आधार नमूद करण्याची पद्धत रूढ झाली. फ्रेंच विचारवंत प्येर बेल याने सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक व चिकित्सक कोशात मूळ मजकुरापेक्षा टीपांचाच विस्तार अधिक होता. एडवर्ड गिबन याच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा टीपा ग्रंथाच्या शेवटी दिल्या होत्या. प्रत्येक वेळी पाने उलटून शेवटी जावे लागते व तेथे बहुधा केवळ आधारग्रंथाचे नावच आढळते, अशी तक्रार तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याने केली. पुढील आवृत्त्यांत टीपा पृष्ठाच्या तळाशी आल्या. बर्लिन विद्यापीठ १८१० मध्ये स्थापन झाल्यावर तेथील चर्चासत्रांतून, विशेषतः लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) या इतिहासकाराच्या मार्गदर्शनाखाली, मूळ साधनांच्या चिकित्सेवर आधारलेला प्रबंध हा विद्यापीठीय शिक्षणाचा महत्त्वाचा भाग बनला. हीच पद्धत अमेरिकेत गेली व १८६१ मध्ये येल विद्यापीठाने तेथील पहिल्या पीएच्.डी. पदव्या दिल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाने ही पदवी १९१७ मध्ये सुरू केली.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. परंतु लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ती आरंभी मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या संस्था होती. त्यामुळे संशोधनपर लेखन विद्यापीठांबाहेरच अधिक झाले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेच्या विवेचक प्रस्तावनांनी मराठीत साधनचिकित्सेचा पाया घातला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली व १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे तळटीपांच्या उपयोगाचे ठळक उदाहरण आहे; तीत स्वीकृत पाठ वर व हस्तलिखितांतील पाठभेद खाली दिलेले असल्याने संपादकाचा निर्णय वाचकाला प्रत्येक श्लोकागणिक तपासता येतो.

परदेशी विद्यापीठांत प्रबंध सादर करणाऱ्या आरंभीच्या महाराष्ट्रीय अभ्यासकांत श्री. व्यं. केतकर यांचा समावेश होतो. कॉर्नेल विद्यापीठातील त्यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील प्रबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकातच आधारग्रंथ (मनुस्मृती), कालखंड (इसवी सनाचे तिसरे शतक) आणि अभ्यासाचे क्षेत्र (सामाजिक स्थिती) यांची मर्यादा सांगितलेली आहे. तत्कालीन मानववंशशास्त्रातील दोषांची चर्चा परिशिष्टात घेतली आहे. बी. आर. आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडन विद्यापीठाच्या डी.एस्‌सी. पदवीसाठी होता व तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रज्ञ एडविन कॅनन यांनी त्याच्या प्रास्ताविकात आपले मतभेद उघडपणे नोंदवून युक्तिवादाच्या ताजेपणाची मात्र प्रशंसा केली. प्रबंधाचे मूल्य परीक्षकाशी होणाऱ्या मतैक्यावर अवलंबून नसते, तर मांडणीच्या भक्कमपणावर असते, हे यावरून दिसते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच्.डी. त्यांना १९२७ मध्ये प्रदान झाली. छापील प्रती सादर झाल्याशिवाय पदवी न देण्याची त्या विद्यापीठाची तेव्हाची प्रथा होती. अभ्यास सर्वांना तपासण्यासाठी खुला झाला पाहिजे, ही तीमागील भूमिका होय.

विषय व प्रश्न : प्रबंधाच्या रचनेचा आरंभ विषय मर्यादित करण्यापासून होतो. ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ हे क्षेत्र झाले. त्यावर ग्रंथमाला लिहिता येईल, स्वाध्याय लिहिता येणार नाही. स्थळ, काळ व दृष्टिकोन यांच्या मर्यादा घातल्यास ‘१९७२-७३ च्या दुष्काळातील मदतकामे व रोजगार हमी योजना’ हा विषय तयार होतो. तरीही तो प्रश्नाच्या रूपात आणणे आवश्यक असते. ‘१९७२ मध्ये सुरू झालेल्या योजनेचे रूपांतर १९७७ च्या अधिनियमात का व कसे झाले ?’ असा प्रश्न ठरला, की कोणती साधने पहावयाची हे निश्चित होते : शासननिर्णय, विधिमंडळातील चर्चा, तत्कालीन वृत्तपत्रे, योजनेचे प्रवर्तक वि. स. पागे यांचे लेखन आणि दुष्काळी कामांवर राबलेल्या स्त्रीपुरुषांच्या आठवणी. कोणता मजकूर अप्रस्तुत म्हणून गाळावयाचा, हेही प्रश्नच ठरवितो. उदा., पर्जन्यमानाची शंभर वर्षांची आकडेवारी कष्टाने मिळविली असली, तरी या प्रश्नाच्या उत्तरात तिला फारसे स्थान नाही.

रचना : प्रबंधाचे पूर्वांग, मुख्यांग व उत्तरांग असे तीन भाग पडतात. पूर्वांगात शीर्षकपृष्ठ, आवश्यक ती प्रमाणपत्रे व प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, कोष्टके व आकृती यांच्या याद्या, संक्षेपांचे स्पष्टीकरण आणि गोषवारा यांचा समावेश होतो. शीर्षकपृष्ठावर विषय, लेखकाचे नाव, परीक्षा वा पदवी, मार्गदर्शक, संस्था आणि वर्ष एवढीच माहिती असते. गोषवारा सामान्यतः दीडशे ते तीनशे शब्दांचा असून त्यात प्रश्न, पद्धती, प्रमुख निष्पत्ती व निष्कर्ष क्रमाने सांगितलेले असतात. तो पूर्वांगात येत असला, तरी लिहिला जातो सर्वांत शेवटी. लहान स्वाध्यायास शीर्षकपृष्ठ पुरते. पाच पृष्ठांच्या लेखनास अनुक्रमणिका जोडल्याने त्याचे वजन वाढत नाही.

मुख्यांगाचा आरंभ प्रास्ताविकाने होतो. त्यात प्रश्न, त्याचे महत्त्व, अभ्यासाच्या मर्यादा, महत्त्वाच्या संज्ञांचे अर्थ आणि पुढील प्रकरणांचा ओघ सांगितलेला असतो. त्यानंतर पूर्वसंशोधनाचा आढावा येतो. आढावा म्हणजे वाचलेल्या ग्रंथांची एकामागून एक दिलेली ओळख नव्हे. पूर्वीच्या अभ्यासकांचे कोठे एकमत आहे, कोठे मतभेद आहेत आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, हे दाखवून स्वतःच्या अभ्यासाची जागा निश्चित करणे हे त्याचे कार्य होय. पद्धतीच्या विवेचनात सामग्री कशी जमविली, कोणती निवडली, कोणती वगळली व का वगळली, हे सांगावे लागते. उपर्युक्त उदाहरणात दुष्काळी कामांवरील मजुरांच्या मुलाखती घेतल्या असल्यास किती जणांच्या, कोणत्या तालुक्यांत, केव्हा व कोणत्या प्रश्नांच्या आधारे, हे नमूद केल्याशिवाय त्यांवरून काढलेल्या अनुमानाचे वजन ठरविता येत नाही. मुलाखत देणाऱ्याची संमती घेणे व त्याने इच्छा व्यक्त केल्यास त्याचे नाव गुप्त ठेवणे हेही पद्धतीचेच अंग आहे.

नैसर्गिक विज्ञानांत व वैद्यकात प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा अशी चार भागांची रचना रूढ आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यातील लेख बहुधा पत्ररूप वा वृत्तांतरूप असत. चतुर्विध रचना विसाव्या शतकात स्थिरावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तिला १९७२ मध्ये मानकाचे रूप दिले. प्रत्यक्ष काय आढळले आणि त्याचा अर्थ लेखक काय लावतो, या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवल्या जातात. त्यामुळे लेखकाचा अर्थ अमान्य असणाऱ्या वाचकालाही निष्पत्तीचा उपयोग करता येतो. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान इ. विषयांत हे विभाजन जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे प्रकरणांची विभागणी कालानुक्रमे, घटकांनुसार किंवा युक्तिवादाच्या टप्प्यांनुसार करतात. एकाच प्रबंधात विभागणीची तत्त्वे मध्येच बदलल्यास पुनरुक्ती अटळ होते.

मुख्यांगाच्या शेवटी निष्कर्ष येतो. प्रास्ताविकात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात असावे लागते. नवा पुरावा किंवा नवे अवतरण तेथे प्रथमच आणणे सदोष मानले जाते. न्यायशास्त्रातील पंचावयवी वाक्याची तुलना येथे उद्बोधक ठरेल. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन या पाच अवयवांपैकी निगमनात प्रतिज्ञेचाच पुनरुच्चार होतो. परंतु आरंभी जे केवळ प्रतिपादन होते, ते आता सिद्ध झालेले असते. प्रास्ताविक व निष्कर्ष यांचे नाते असेच असते. अभ्यास अपुरा राहिला असल्यास तसे नमूद करणे हे न्यून मानले जात नाही. पुराव्यापलीकडे जाणारा निष्कर्ष मात्र संपूर्ण प्रबंधाची विश्वसनीयता घालवितो.

उत्तरांगात परिशिष्टे, संदर्भसूची आणि मोठ्या प्रबंधात विषयसूची व नामसूची असतात. प्रश्नावली, मूळ कागदपत्रांच्या नकला, विस्तृत आकडेवारी इ. जो मजकूर पुराव्यासाठी आवश्यक असतो, परंतु विवेचनाच्या ओघात अडथळा आणतो, त्याला परिशिष्टात स्थान देतात. मुख्य मजकुरात उल्लेख नसलेले परिशिष्ट जोडू नये.

परिच्छेद व शीर्षके : परिच्छेद हा विवेचनाचा मूळ घटक होय. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा. तो बहुधा पहिल्या वाक्यात सांगून पुढील वाक्यांत त्याचा पुरावा व स्पष्टीकरण द्यावे, असा संकेत आहे. सर्व परिच्छेदांची केवळ पहिली वाक्ये सलग वाचली असता युक्तिवादाची रूपरेषा समजली, तर रचना सुसंगत आहे असे समजण्यास हरकत नाही. शीर्षकांच्या श्रेणी शक्यतो तीनपेक्षा अधिक नसाव्यात व समान श्रेणीची शीर्षके सर्वत्र सारख्याच अक्षरांत असावीत. प्रकरणांतील विभागांना ३·१, ३·२ असे दशांश क्रमांक देण्याची पद्धत विज्ञानविषयक प्रबंधांत विशेष आढळते. कोष्टके व आकृती यांना स्वतंत्र क्रमांक आणि स्वयंपूर्ण शीर्षक द्यावे; कोष्टकाचे शीर्षक वर, आकृतीचे खाली आणि आधाराचा निर्देश दोहोंच्या खाली करण्याचा प्रघात आहे. मोजमापाचे एकक न दिलेले कोष्टक निरुपयोगी होय.

अवतरणे व संदर्भ : दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतल्यास ते अवतरणचिन्हांत द्यावे लागतात, अवतरण तीनचार ओळींपेक्षा मोठे असल्यास ते डावीकडे जागा सोडून स्वतंत्रपणे मांडतात व मग अवतरणचिन्हे देत नाहीत. मधील शब्द गाळले असल्यास तीन टिंबे व स्वतःचे शब्द घातले असल्यास चौकोनी कंस वापरतात. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत सांगितला, तरीही आधार द्यावाच लागतो. सर्वपरिचित माहितीस आधाराची गरज नसते. शंका असल्यास आधार देणे इष्ट.

संदर्भ देण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत मजकुरात क्रमांक देऊन पृष्ठाच्या वा प्रकरणाच्या शेवटी टीप देतात; इतिहास व साहित्य या विषयांत ती अधिक प्रचलित आहे. शिकागो विद्यापीठ मुद्रणालयाने १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमपुस्तिकेने तिला स्थैर्य दिले. त्याच विद्यापीठात प्रबंधांच्या तपासणीचे काम पाहणाऱ्या केट टुरेबियन यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली पुस्तिका पुढे जगभर वापरली गेली. दुसऱ्या पद्धतीत लेखकाचे उपनाव व प्रकाशनवर्ष मजकुरातच कंसात देतात. हिचा उगम हार्व्हर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील गोगलगायीवरील निबंधात दाखविला जातो. सामाजिक शास्त्रांत ती रूढ आहे. अमेरिकन मानसशास्त्रीय संघाचे १९२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले नियम याच वर्गात मोडतात. तिसऱ्या पद्धतीत मजकुरातील क्रमांक शेवटच्या क्रमवार यादीकडे निर्देश करतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या बैठकीत या पद्धतीचे एकसूत्रीकरण केले. यांपैकी कोणतीही पद्धत स्वीकारली, तरी ती अखेरपर्यंत एकसारखी पाळणे महत्त्वाचे असते. संस्थेने पद्धत ठरवून दिली असल्यास तीच बंधनकारक होय.

ग्रंथाच्या संदर्भात लेखक, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष व पृष्ठांक. लेखाच्या संदर्भात लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, वर्ष व पृष्ठांक. आणि दप्तरखान्यातील कागदांच्या संदर्भात संस्था, दप्तर, रुमाल व कागद यांचे क्रमांक द्यावे लागतात. संगणकीय महाजालावरील मजकुराचा पत्ता व तो पाहिल्याची तारीख नोंदवितात, कारण असा मजकूर बदलू शकतो. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या ग्रंथातून अवतरण घेतले असल्यास तसे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

मराठीतील विशेष प्रश्न : मराठी प्रबंधाच्या संदर्भसूचीत काही खास अडचणी उद्भवतात. सूचीत उपनाव आधी देतात. परंतु ज्ञानेश्वर, तुकाराम इ. संतांच्या बाबतीत प्रसिद्ध नावानेच नोंद करतात. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची नोंद ग्रंथावरील नावाने करून मूळ नावाकडे निर्देश करणे सोयीचे असते, उदा., ‘कुसुमाग्रज’ व ‘शिरवाडकर, वि. वा.’. विवाहापूर्वी व विवाहानंतर वेगळ्या नावांनी लिहिलेल्या लेखिकांच्या बाबतीतही असे परस्परनिर्देश द्यावे लागतात; अन्यथा एकाच व्यक्तीचे लेखन दोन ठिकाणी विभागले जाते. सूचीचा क्रम वर्णानुक्रमे असतो. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांची नोंद ‘क’ व ‘ज’ यांखाली करावी की ‘ह’ व ‘ळ’ यांच्यानंतर, याबाबत कोशांत एकवाक्यता नाही. स्वीकारलेला क्रम आरंभी सांगावा. संगणकावर आपोआप लावलेला क्रम तपासून घेणे इष्ट असते.

जुन्या साधनांतील शककाल इसवी सनात देताना शकाच्या आकड्यात ७८ मिळवितात. शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. उदा., ज्ञानेश्वरीचा रचनाकाल शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० हा होय. मूळ मिती देऊन रूपांतर कंसात दाखविणे सर्वांत सुरक्षित. ओवीबद्ध ग्रंथाचा निर्देश पृष्ठांकाऐवजी अध्याय व ओवी यांच्या क्रमांकांनी करतात. अभंगांचे क्रमांक मात्र गाथेच्या आवृत्तीगणिक बदलतात. म्हणून आवृत्तीचा उल्लेख अनिवार्य ठरतो. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले व राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले नियम (१९७२ मध्ये भर घातलेले) पाळले जातात. जुन्या ग्रंथातील अवतरणे मात्र मूळ लेखनाप्रमाणेच ठेवावीत. पारिभाषिक संज्ञांसाठी १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे कोश उपयुक्त आहेत. एका संकल्पनेसाठी एकच संज्ञा योजावी. शैलीच्या सौंदर्यासाठी पर्यायी शब्द वापरल्यास वाचकाला तेथे दोन निराळ्या संकल्पनांचा भास होतो.

बाह्य मांडणी : पूर्वी प्रबंध फुलस्केप कागदावर हस्तलिखित वा टंकलिखित स्वरूपात सादर होत. आता २१० × २९७ मिमी. आकाराचा ए-४ कागद सर्वत्र रूढ आहे. १९२२ च्या जर्मन मानकातून आलेल्या या आकाराची लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर २ चे वर्गमूळ असल्याने कागद दुमडला असताही ते कायम राहते. बांधणीच्या बाजूस साडेतीन ते चार सेंमी. व इतर बाजूंस सुमारे अडीच सेंमी. समास सोडतात. ओळींमधील अंतर दीडपट वा दुप्पट ठेवतात. परीक्षकाला शेरे लिहिण्यास जागा मिळावी, हा त्याचा मूळ हेतू होता. देवनागरीत अक्षरांच्या वर व खाली मात्रा, वेलांटी, उकार इ. चिन्हे येत असल्याने वाचनसुलभतेसाठीही हे अंतर आवश्यक असते. पूर्वांगाची पृष्ठे मराठी ग्रंथांत ‘एक, दोन, तीन’ अशी अक्षरी व मुख्यांगापासून पुढील पृष्ठे अंकांत मोजण्याचा प्रघात आहे. मजकूर यूनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत असावा. जुन्या खाजगी अक्षरसंचांत टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही व त्यातील शब्दांचा शोधही घेता येत नाही.

प्रामाणिकपणा : दुसऱ्याचे लेखन वा विचार स्वतःचे म्हणून सादर करणे यास वाङ्मयचौर्य म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले. असे प्रबंध गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात सर्वांना पाहता येतात. आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षपर्यंत ते सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना व ऋणनिर्देश या गणनेतून वगळलेले आहेत. संगणकीय तपासणी केवळ शब्दांचे साम्य दाखविते. विचारांची उचल तिला ओळखता येईलच असे नाही. अलीकडे संगणकाकडून आपोआप रचून घेतलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ आढळल्याची उदाहरणे आहेत. प्रत्यक्ष न पाहिलेल्या ग्रंथाचा निर्देश न करण्याचा जुना नियम त्यामुळे अधिकच महत्त्वाचा ठरला आहे.

काटेकोर मांडणीने दुर्बळ युक्तिवाद सबळ होत नाही. परंतु सदोष मांडणीमुळे सबळ युक्तिवादही वाचकापर्यंत पोहोचत नाही. आधारांचा बिनचूक निर्देश असलेला साधा स्वाध्याय पुढील अभ्यासकाला निश्चित उपयोगी पडतो. त्यातील निष्कर्ष उद्या बदलले, तरी ज्या साधनांवरून ते काढले गेले, त्यांपर्यंतची वाट त्याने खुली करून ठेवलेली असते.